वापस आला की पेर

ह्यांची पलटण अचानक सीमेकडे निघून गेली, तेव्हापासून ह्यांचा फोन लागत नव्हता. दिल्लीतल्या आमच्या फौजी क्वार्टरमध्ये मी टीव्ही लावणंच बंद केलं. बातम्यांतल्या बाईचं ओरडणं ऐकवत नव्हतं. दारावरची बेल वाजली की आधी पडद्याआडून बघायचे, वर्दीतलं कोणी नाही ना. दूधवाला निघाला तर त्या बिचाऱ्यावरच डाफरायचे, "धीरे बजाया करो ना, भैया!"

लेक मात्र मोबाईलवर शेती करत बसायची. जंगलात एकट्यानं तग धरायचा, पिकवलं तर खायचं, असला तो खेळ. शेत बापलेकीनं मिळून केलेलं. आता खेळातल्या कोठीतले बटाटे संपत आले होते, तिच्या त्या माणसाची भुकेची पट्टी लाल झाली होती, आणि ही बया पेरायला तयार नाही.

"अगं, मरेल ना तो! पेर की."

"नाही मम्मी. पप्पा जाताना बोलले ना, घाई नको, वापस आला की पेर. ते यायच्या आधी पेरलं तर ते येणारच नाहीत."

"अभद्र बोलू नकोस!" मी खेकसले आणि स्वयंपाकघरात गेले. पण पोळी लाटता लाटता हात थांबला. स्वतःबद्दल 'आला' कोण म्हणतं? 'आलो' म्हणतील ना!

अरे देवा. वाफसा! वाफसा आला की पेर. पाऊस पडून गेल्यावर वरचा चिखल आटतो, आत ओल राहते, तो वाफसा. मागे खेळात चिखलातच पेरून हिचं सगळं बी कुजलं होतं, म्हणून सांगितलं असणार. दिल्लीत वाढलेल्या पोरीला वाफसा काय माहीत? तिला वापस ऐकू आलं.

आधी हसूच आलं. मग लक्षात आलं. म्हणजे परत येईन असं हे बोललेच नव्हते. तिलाही नाही, मलाही नाही.

तिला खरं सांगायला बाहेर आले आणि तोंडातून भलतंच निघालं, "राहू दे. नको पेरूस." आता पेरायची मलाच भीती वाटायला लागली होती.

त्यानंतर एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. लेकीनं उचलून स्पीकरवर टाकला. नुसती खरखर. "मी बरा आहे," हे म्हणाले, आणि लगेच लेकीला, "पेरलंस का गं?"

"नाही. तुम्हीच बोलला होता ना, वापस आला की पेर."

पलीकडून पुन्हा खरखर. लाईन गेली असं वाटून मी फोन ओढून घेणार, तेवढ्यात आवाज आला, "बरोबर आहे बाळा. वापस आलो की पेरू."

आलो म्हणाले. मी माझ्या कानांनी ऐकलं. मग फोन कटला तो कटलाच.

लेक त्या माणसाला रानातल्या बोरांवर जगवतेय. शेत अजून पडीकच आहे. बेल वाजली की ती दाराकडे पळते. माझे पाय मात्र उचलतच नाहीत.