तुमच्याच नावाचं गाऱ्हाणं

किल्ल्यात राहणाऱ्यांना बाहेरून येणारे माणूस म्हणून बघतच नसत, हा माझा जुना राग आहे. मुंबईची बोट मालवणला लागायची त्या पन्नास-साठच्या दशकांतली गोष्ट. बोटीचे उतारू होडी करून आमच्या बेटावरच्या किल्ल्यात यायचे. खाऱ्या समुद्रातली गोड विहीर, दोन शेंड्यांचा माड, चुन्यात उमटलेला हाताचा ठसा, सगळं बघून झालं की आमच्या चुलीत डोकावायचे. वर विचारायचे, "इथे करमतं कसं तुम्हाला?" जसं काही आम्ही त्यांच्या करमणुकीसाठीच तिथे नांदत होतो!

माझे वडील तटाच्या आतल्या देवळात पूजा करत. पाहुणे परत निघाले की देवापुढे नारळ ठेवून त्यांच्यासाठी गाऱ्हाणं घालायचं, ही आजोबांपासूनची रीत. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे, देवाला मोठ्यानं घातलेलं साकडं. दुपारनंतर वारा भरतो, होडी हेलकावते, म्हणून ते घालायचं. कुणी सांगितलेलं नसे. बाबांचा आवाज खणखणीत होता. तो कानावर आला की आई हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची. मलाही तो फार आवडायचा.

एका वैशाखात विहिरी तळाला गेल्या होत्या. कोट घातलेले एक गृहस्थ कुटुंबकबिला घेऊन आले. मी पाणी काढत होते. त्यांनी माझ्या हातातली कळशी घेतली, खळखळून चूळ भरली आणि थेट विहिरीत थुंकली!

"पिण्याचा पाणी आसा ता!" मी ओरडले.

"एवढ्यानं काय होतंय?" म्हणत ते हसले. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

मी धावत जाऊन बाबांना सांगितलं. ते नारळ घेऊन देवासमोर उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, ही माणसां लांबसून तुझ्या पायाकडे इली. तेंच्या हातसून काय चूक झाली आसात, तर ती पोटात घाल आणि तेंका सुखरूप घराक पोचव!"

"व्हय म्हाराजा!" शेजारी उभ्या होडीवाल्यानं साथ दिली.

परत निघालेल्या गृहस्थांनी देवळासमोरून जाताना नेमकं 'चूक' तेवढं ऐकलं. "काय म्हणतोय हा?" त्यांनी होडीवाल्याला विचारलं.

तो बिचारा कौतुकानं म्हणाला, "गाराणां घालता तो. तुमच्याच नावान."

झालं! "आमच्या नावानं गाऱ्हाणं? पाहुण्यांची देवाकडे तक्रार करतोस? माफी माग आधी!"

चोराच्या उलट्या बोंबा! मी तोंड उघडलं, तर बाबांनी डोळ्यांनीच गप्प केलं. ज्या माणसासाठी त्यांनी देवापुढे हात जोडले होते, त्याच्यापुढेच ते जोडून म्हणाले, "चुकलं माझं, साहेब." साहेबांचं समाधान झालं. होडी सुखरूप पलीकडे गेली.

त्यानंतर पाहुणे आले की बाबा गाऱ्हाणं मनातल्या मनात घालू लागले. नारळ ठेवायचे, ओठ तेवढे हलायचे. शेवटी एकदा आईच चिडली, "पयल्यासारख्या मोठ्यान बोला की!"

"नको गो," बाबा म्हणाले, "परत कोणाक तरी राग येयत. देवाक काय, मनातला पण आयकाक येता."

देवाला येत असेल हो. आम्हाला येईना, त्याचं काय?