चॅरिटी शॉपमधलं चित्र

मी निघाले त्या सकाळी बाबांनी भिंतीवरचं चित्र उतरवलं. ऑटो दारात उभी, आई चिवड्याचा डबा घेऊन माझ्या मागे मागे, आणि हे आपले फ्रेमचे खिळे उपसत बसलेले! "बाबा, विमान थांबणार नाही माझ्यासाठी," मी ओरडले. त्यांनी कान दिला नाही. चित्र पेपरात गुंडाळलं, पाण्याच्या पाइपाच्या तुकड्यात सरकवलं आणि दोन्ही तोंडांना टोपणं बसवली. पाइप आधीच मापानं कापून आणला होता. माझ्या हातात देत म्हणाले, "कोणी इचारलं तं खरं सांगजो. आपल्याले लपवाचं कारण नाही." मला वाटलं, एअरपोर्टवरच्या पोलिसांबद्दल बोलतायत.

वस्तीतल्यांनो, तुम्हाला ते चित्र सांगायला नको. पण माझ्यासारखे जे इकडे आले, त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या मोहल्ल्याचं ते जुनं छापील चित्र. बाबा नागपुरात छापखान्यात बाइंडर होते. आमच्या वस्तीचा अभ्यास करायला एक अमेरिकन विद्यार्थी आला होता, तोही काळाच. सहा महिने आमच्याकडे जेवला आणि जाताना हे देऊन गेला. त्याच्या आजीच्या घरातलं होतं म्हणे. एकाला एक चिकटलेली विटांची घरं, प्रत्येक दाराला पायऱ्या, आणि सगळा मोहल्ला त्या पायऱ्यांवर. एक बाई पोरीला दोन गुडघ्यांत दाबून तिची वेणी घालतेय. फुटपाथवर खुर्ची टाकून एकाची दाढी चाललीय. दोन म्हातारे सोंगट्यांवरून भांडतायत. वरच्या खिडकीतून एक बाई अर्धी बाहेर आलीय, खालचीला काहीतरी खमंग सांगायला. आणि या सगळ्यांतून एकजण कडक सूट घालून, कुणाकडे न बघता चाललाय.

बाबांनी प्रत्येकाला नाव दिलं होतं. खिडकीतली शेवंताकाकू. वेणी घालणारी माझी आई. सूटवाले अर्थातच गणवीर मास्तर, जे दूध आणायलासुद्धा इस्त्री करून निघायचे. "आपलेच लोक हायेत हे," बाबा म्हणायचे, "पत्ता तेवढा येगळा." लहानपणी मला खरंच वाटायचं की शेवंताकाकूची एक बहीण अमेरिकेत असते.

लंडनमध्ये हाउन्सलोला आले ती सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीवर, वर्क व्हिसा घेऊन. पहिल्या पगारातून चित्राला फ्रेम केली. पुढे लग्न झालं, मिलिंद आला, विमानांच्या वाटेखालीच रांगेतलं एक टेरेस्ड घर घेतलं. चित्र फ्रंट रूममध्ये लागलं. सगळं होतं, फक्त मराठी बोलायला नवऱ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मिलिंद म्हणजे दिवसाला दहा वाक्यं. म्हणून मी इथल्या मराठी मंडळात जायला लागले. आमच्या घरी गणपती बसत नाही, आम्ही बौद्ध. मी गेले ती माणसांसाठी. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे विहारातल्या बायका मला फोन करून झापणार नाहीत. झापणार म्हणा तरीही.

तिथं अपर्णा भेटली. पुण्याची, ईलिंगला राहणारी, हसली की शेजारच्या खोलीत ऐकू येणारी. माझी मुलगी ईशा झाली तेव्हा मिलिंद ग्लासगोला कामाला अडकला होता, तर लेबर रूममध्ये माझा हात धरून उभी होती ती. नंतर चाळीस दिवस डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सगळं तिच्याकडून, दोन बस बदलून आणलेलं. माझं इकडचं माहेर म्हणजे अपर्णा. असं मी तिला तोंडावर म्हणायचेसुद्धा.

पहिल्यांदा घरी आली तेव्हा चहा घेता घेता तिनं विचारलं होतं, "तुमचं आडनाव वेगळंच आहे गं. मूळचे कुठले तुम्ही?" हा प्रश्न तुम्ही ओळखता. गावाचं नाव सांगून संपणारा प्रश्न नाही तो. मी "नागपूर, नागपूर" करत राहिले, आणि तेवढ्यात तिची नजर चित्रावर गेली. "कसलं सुंदर आहे! कुठून घेतलंस?"

"चॅरिटी शॉपमधून," मी म्हटलं, म्हणजे दानात आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून.

का म्हटलं? भ्याले. एक खरं सांगितलं की दुसरं सांगावं लागेल, म्हणून. तोंडातून गेलं आणि मग तेच चालू राहिलं, वर्षानुवर्षं. जो येईल तो चित्राचं कौतुक करायचा आणि अपर्णाच माझ्या वतीनं सांगायची, "चॅरिटी शॉपमध्ये मिळालं हिला, नशीब बघा!"

एकदा बाबांसमोर सांगितलं तिनं. ते दोन महिने राहायला आले होते. स्वेटरवर स्वेटर घालून हीटरपाशी बसलेले, हातात चहा. अपर्णा म्हणाली, "काका, तुमच्या मुलीची नजर भारी हं, हे चॅरिटी शॉपमधलं आहे." बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी बिस्किटांच्या बशीकडे बघितलं. ती गेल्यावर मला वाटलं, आता बोलतील. ते चित्रासमोर गेले आणि फ्रेमच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "फ्रेम चांगली केली तू." बस्. पुढच्या वर्षी ते गेले. मी पोचायच्या आत सगळं उरकलं होतं.

परत आल्यावर मला राहवेना. अपर्णाला बोलावलं, चित्रासमोर बसवलं आणि सगळं सांगितलं. वस्ती, छापखाना, तो विद्यार्थी, आईची वेणी, शेवंताकाकू, मास्तर. आम्ही कोण, बाबांच्या आज्याला विहिरीपाशी का उभं राहू दिलं नव्हतं, तेही सांगितलं. ती रडली माझ्याबरोबर. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "वेडी आहेस का गं, मला काय फरक पडतो? माझ्यापाशीच राहील हे." त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं की मी संध्याकाळी पुरणपोळ्या केल्या, सणबिण काही नसताना.

आता मोदकांचं सांगते. मंडळाच्या गणपतीत नैवेद्याचे उकडीचे मोदक करायला चार बायका असायच्या, आणि सलग सहा वर्षं त्यातली एक मी. मला मोदक अपर्णानंच शिकवले होते. माझी उकड कधी फाटली नाही, आणि कळ्या तर तिच्यापेक्षा बारीक. देखरेखीला मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ काकू. त्याच सांगायच्या, "पहिले एकवीस हिलाच करू द्या." अपर्णाला सगळं सांगितलं त्याच वर्षी रोटा, म्हणजे कामवाटपाची यादी, आला व्हॉट्सॲपवर. किचनमध्ये माझं नाव नाही. माझं नाव दाराशी, चपला-बुटांच्या रॅकपाशी, टोकन द्यायला. अपर्णाला फोन केला तर म्हणे, "अगं, दर वर्षी राबतेस, म्हटलं यंदा जरा आराम." मी बावळट, थँक्यू म्हणाले!

दोन दिवस बुटांना टोकनं दिली. तिसऱ्या दिवशी घरी येताना बसमध्ये ईशा म्हणाली, "मम्मा, आपण वेगळा मराठी आहे का? सान्वी म्हणाली, तिची आईने त्या किचनवाली आजीला सांगितली, म्हणून यू कान्ट टच गॉड्स फूड." सान्वी अपर्णाची मुलगी. नऊ वर्षांच्या पोरी, एकमेकींना सगळं सांगतात. मी ईशाला म्हटलं, बटण दाब, आपला स्टॉप आला. अजून तीन स्टॉप होते.

मंडळ भाड्यानं घेतं त्या चर्चच्या हॉलचं किचन ते. आदल्याच दिवशी तिथं कुणाच्या तरी बर्थडेचे सॉसेज तळले होते, वास होता अजून. ते किचन देवाला चाललं. माझे हात चालले नाहीत.

विसर्जन झाल्यावर रविवारी दुपारी अपर्णा आली, बेल वाजवून, प्रसादाचा डबा घेऊन, जसं काही झालंच नाही. मी विचारलं, "काकूंना तू सांगितलंस?" तिचा चेहरा उतरला. "अगं, सहज विषय निघाला गं. त्या जुन्या वळणाच्या, त्यांना काय समजावणार? मी तुझ्या बाजूनंच बोलत होते. नैवेद्यापुरतं फक्त. माझ्या घरी तू काहीही कर, मी कधी काही मानलं का?"

"माझ्या घरी तू काहीही कर." हे वाक्य ती मोठ्या मनानं म्हणाली, आणि तेच मला सगळ्यांत जास्त लागलं. काकूंचा मला राग नाही आला, खरंच. त्या माझ्या कोण? ही माझी होती.

मी तिला चित्रासमोर नेलं. म्हटलं, "खिडकीतली कोण, सांग." ती चित्राजवळ वाकली. "आणि हा सूटवाला?" तिला आठवेना. वेणी घालणाऱ्या बाईपाशीसुद्धा अडखळली, म्हणाली, "तुझी... मावशी ना?" तासभर रडत ऐकलं होतं तिनं सगळं. त्यातलं एकच तिच्या लक्षात राहिलं होतं.

"एवढ्यावरून तू मला तोडणार का?" तिनं विचारलं. मी "हो" म्हटलं. डबा तिच्या पिशवीत परत ठेवला.

तुम्ही फोनवर विचारता, "घरी कधी येतेस?" मी तारीख सांगते, तिकिटं बघते म्हणते. पण घर म्हटलं की आता माझ्या डोळ्यांसमोर ना वस्ती येते, ना हाउन्सलो. जिथं उत्तर तयार ठेवून बसावं लागत नाही, तेवढंच माझं घर, आणि सध्या ते या फ्रंट रूमएवढं आहे. ईशाला मी सगळं सांगितलंय, विहिरीसकट. शाळेत तिनं चित्रावर चार मिनिटं भाषण केलं, चुकीच्या मराठीत नाही, बिनचूक इंग्रजीत. मला अभिमान वाटला. राग अजून जात नाही, आणि तो जावा अशी घाईही नाही.

पण आता लपवायचं नाही म्हटलंय, तर हेही सांगते. रविवारी दुपारी बेल वाजली की मला अजून तीच वाटते, आणि मी उठते.