जिथून कधीच फोन आला नाही

माझ्या वहिनींना ती चार दिवसांची रजा बक्षीस म्हणून मिळाली नव्हती. त्यांच्या मॅडमनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि आदल्या दुपारच्या एका फोनचं रेकॉर्डिंग ऐकवलं. एक माणूस ओरडत होता, बायको जिन्यावरून पडलीय, डोक्यातून रक्त येतंय. त्यावर वहिनींचा आवाज यायला हवा होता, पण तो आला नाही. अकरा सेकंद नुसता त्या माणसाचा धापा टाकण्याचा आवाज. मग वहिनी म्हणाल्या, "पत्ता सांगा," आणि पुढचं सगळं नेहमीसारखं पार पडलं. ती बाई वाचली.

"या अकरा सेकंदांत काय झालं, आठवतं तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

वहिनींना काहीच आठवत नव्हतं, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

वहिनी रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये फोन घेतात. चौदा वर्षं झाली. कानाला हेडफोन, समोर नकाशाचा पडदा, आणि पलीकडे कायम कुणीतरी घाबरलेलं. गाडी पोचेपर्यंत त्या माणसाला धरून ठेवायचं, हातांना काम सांगत राहायचं: रक्त दाबून धरा, मान हलवू नका, श्वास मोजा. गाडी पोचली की फोन कट. पुढे काय झालं ते त्यांना कुणी सांगत नाही. लगेच दुसरा फोन.

ही नोकरी घरीही त्यांच्याबरोबर येते. माझ्या दादाला आंघोळीला जाताना कडी लावायची मुभा नाही. गॅसचं बटण त्या तीनदा पाहतात आणि बाहेर पडल्यावर चौथ्यांदा पाहायला परत येतात. मी शेजारच्या गल्लीतून सहज फोन करून "वहिनी" म्हटलं, की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "काय झालं?" दादा चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला भिंगं घासत बसतो; थंड डोक्याचा माणूस. तो म्हणतो, "हिच्या भिंगाचा नंबरच वेगळा. लांबचं संकट हिला जवळ दिसतं."

"चार दिवस कुठेतरी शांत ठिकाणी जाऊन या," मॅडम म्हणाल्या होत्या. "ही विनंती नाही." पण ठिकाण ठरवायचं कसं?

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते. दादाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोबाइल उभा केला आणि एकेक फोटो दाखवायला लागला. पहिलं ठिकाण एक तळं होतं, काठावर झाडं, टुमदार खोल्या.

"नको," वहिनी म्हणाल्या. "तिथे होडी उलटली होती. दोघं सापडले, तिसऱ्याचा भाऊ माझ्याशी चाळीस मिनिटं बोलत होता."

"बरं, हा डोंगर बघ."

"उतारावरचं तिसरं वळण. मिनीबस."

"समुद्र?"

"त्या खडकांवर लोक फोटो काढायला चढतात."

दादाने दहा-बारा ठिकाणं दाखवली असतील. प्रत्येक ठिकाणी वहिनींच्या फोनवरचं कुणी ना कुणी पडलेलं, बुडालेलं, भाजलेलं होतं. आम्हाला ज्या फोटोत सूर्यास्त दिसायचा, त्यात त्यांना जवळचा दवाखाना किती लांब ते दिसायचं. शेवटी दादाने मोबाइल पालथा ठेवला. "लग्न ठरताना माझी इतकी चौकशी केली असतीस तर मी अजून बिनलग्नाचाच असतो. आता तूच सांग, काहीच घडलं नाही असं एखादं ठिकाण तुझ्या माहितीत आहे का?"

त्याने ते वैतागून विचारलं होतं. वहिनी मात्र विचारात पडल्या.

दुसऱ्या दिवशी, रजेआधीची शेवटची पाळी संपल्यावर, त्या मागे थांबल्या आणि चौदा वर्षांची नोंद गावागावाने चाळायला बसल्या. दोन तासांनी त्यांना एक गाव सापडलं. नदीच्या पलीकडचं, पन्नास-साठ घरांचं. पडद्यावर त्या नावापुढे शून्य होतं. एकही अपघात नाही, साधा चक्कर आल्याचा फोनसुद्धा नाही. एक निवृत्त शिक्षिका घराच्या मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात, हेही त्यांनी शोधून काढलं. घरी येऊन त्यांनी पर्स ठेवायच्या आत सांगितलं, "मिळालं!" इतका मोकळा चेहरा मी त्यांचा कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

तरी बॅग भरताना कपड्यांपेक्षा औषधंच जास्त झाली. दादाने विचारलं, "आपण राहायला चाललोय की दवाखाना काढायला?"

चार तास बस, मग एक जीप, आणि शेवटी नदी. पूल नव्हता. दोन काठांना बांधलेल्या दोराला धरून नावाडी होडी ओढत नेत होता. होडीत पाय ठेवण्याआधी वहिनींनी त्याला पाण्याची खोली, होडीचं वय आणि त्याला पोहता येतं का, तिन्ही विचारलं. तो हसून म्हणाला, "आजवर कुणी पडलं नाही, ताई." वहिनींनी मान डोलावली. नोंदही तेच सांगत होती.

शिक्षिकाबाई काठावर घ्यायला आल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, सडपातळ, खणखणीत आवाजाच्या. खोली स्वच्छ होती, खिडकीतून नदी दिसायची. पहिली दुपार वहिनी खिडकीपाशी खुर्ची टाकून नुसत्या बसून राहिल्या. दादाला वाटलं, आलं एकदाचं गाडं रुळावर.

दुसऱ्या सकाळी चहा घेताना वहिनींनी कौतुकाने बाईंना सांगितलं, "आम्ही तुमचं गाव का निवडलं माहितीये? चौदा वर्षांत इथून आमच्याकडे एकही फोन आलेला नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. "येणार कुठून? इथे रेंज नाही. त्या टेकडीवर चढलं की एखादी काडी येते."

वहिनींनी मोबाइल पाहिला. आल्यापासून तो गप्प होता, आणि त्यांनी ते चांगलं लक्षण मानलं होतं.

"मग कुणाला काही झालं तर?"

"होतं की. माणसंच आहोत. पण टेकडी चढून फोन करायचा, गाडी दोन तासांनी येणार, तीही पलीकडच्या काठापर्यंत. त्यापेक्षा आपणच होडीत घालून न्यायचं. पोचला तर पोचला." बाई नदीकडे पाहत सावकाश म्हणाल्या, "आमचे हे होडीतच गेले. नऊ वर्षं झाली."

म्हणजे ज्या शून्यावर भरवसा ठेवून वहिनी आल्या, त्याचा अर्थ इथे काही घडत नाही असा नव्हताच. इथलं कुणी त्यांना ऐकू येत नव्हतं, एवढंच.

त्यानंतर त्यांना काही सुचेना. नदी तीच, खिडकी तीच, पण आता प्रत्येक घराकडे पाहताना त्यांच्या मनात प्रश्न यायचा, इथलं कोण? कधी? दादाला त्या नदीच्या जवळ जाऊ देईनात. दगडी पायऱ्यांवर तो जरा भरभर उतरला तर ओरडल्या. "आपण परत जाऊ या," त्या म्हणाल्या. "उद्याच. इथे तुम्हाला काही झालं तर मी काय करू?"

"मला काय धाड भरलीय?" दादा म्हणाला, पण त्याने नावाड्याला दुसऱ्या दिवशी दुपारी यायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी बॅगा भरून ओट्यावर ठेवल्या होत्या. होडीला तासभर अवकाश होता. बाईंनी काकडी चिरून आणली होती आणि शाळेच्या तपासणीला आलेल्या एका साहेबाची गोष्ट सांगत होत्या. दादाने मध्येच त्या साहेबाची नक्कल केली. बाई खळखळून हसल्या, आणि हसताहसताच त्यांचा आवाज बंद झाला.

खोकला नाही, ठसका नाही. तोंड उघडं, एक हात गळ्याशी, दुसरा हवेत. दादाला वाटलं, हसू आवरत नाहीये. वहिनींना त्याच क्षणी कळलं. घास अडकला होता.

त्यांचा हात मोबाइलकडे गेला आणि तिथेच थिजला. पाय हलेनात. असे शेकडो प्रसंग त्यांनी कानांनी ऐकले होते; डोळ्यांनी एकही पाहिला नव्हता. माणसाचा चेहरा असा निळसर पडतो, डोळे असे समोरच्याला धरून ठेवतात, हे फोनवरून कधी कळलंच नव्हतं.

दादा ओरडला, "अगं, काय करू मी?"

हाच प्रश्न त्यांना दिवसातून पन्नासदा विचारला जातो. पायांना जमलं नाही ते घशाला जमलं. वहिनींचा कामावरचा आवाज आला, सपाट, ठाम.

"त्यांच्या बाजूला उभे राहा. पुढे वाकवा त्यांना. दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोरात मारा. पाच वेळा. जोरात, अहो, हळू नाही."

दादाने मारलं. काही झालं नाही.

"आता मागे जा. पोटाभोवती हात घाला. एका हाताची मूठ, बेंबीच्या वर. दुसऱ्या हाताने ती धरा. आत आणि वरच्या बाजूला झटका द्या. पुन्हा. थांबू नका."

बाईंचे पाय लुळे पडायला लागले. दादा घामाने निथळत होता. "होत नाहीये गं!"

"होतंय. मी इथेच आहे. पुन्हा."

चौथ्या झटक्याला काकडीचा तुकडा फरशीवर पडला आणि बाईंनी असा श्वास ओढला की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. दादा मटकन खाली बसला. वहिनी अजून आपल्या जागी उभ्याच होत्या, हात पुढे केलेले. मग त्या बाईंजवळ गेल्या, त्यांची नाडी धरली, आणि आकडे मोजता मोजता रडायला लागल्या.

थोड्या वेळाने बाईंनी घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य उच्चारलं. "साहेबाची नक्कल पुन्हा करू नका."

पोटाला असे झटके दिल्यावर आत दुखापत झालेली नाही ना, हे डॉक्टरकडून पाहून घ्यावं लागतं. म्हणून ठरलेली होडी निघाली ती बाईंना घेऊन. वहिनींनी पूर्ण वाट त्यांचं मनगट सोडलं नाही. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बरगड्या दुखतील, बाकी ठीक. संध्याकाळी तिघं परत आली. घरी जायचा विषय कुणी काढला नाही.

चौथ्या सकाळी ओट्यावर वीस-बावीस माणसं जमली. नावाडी, त्याची बायको, शेजारपाजारच्या जावा-नणंदा, दोन म्हातारे. वहिनी शिकवत होत्या आणि दादाला नमुना म्हणून उभा केला होता. घास अडकला तर काय, छाती दाबायची कशी, रक्त थांबवायचं कसं. प्रत्येकाने हात लावून करून पाहायचं. नावाड्याच्या बायकोच्या मुठीत भलताच जोर निघाला. दादा पुढे आठवडाभर वाकून चालत होता.

आराम झाला का, असं मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "छे! जीव नुसता टांगणीला होता." भीती गेलेली नाही, गॅसचं बटण अजून तीनदा बघतात. पण रात्री झोप लागते म्हणाल्या, आणि फोनवर आवाज पुन्हा कधी अडकला नाही.

मॅडमकडे त्यांनी एक अर्ज दिला: ज्या गावांपुढे एकही फोन नाही, त्या सगळ्यांची यादी, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी जाऊन पाहून यावं अशी मागणी. यादीत एकतीस गावं आहेत. अर्ज वरच्या कचेरीत आहे, उत्तर आलेलं नाही. तोवर दर रजेला दोघं त्यातल्या एका गावाला जातात, आणि दादा जाण्याआधी पोटाला पट्टा बांधतो.