गजबर वस्तादांचा बेदाणा

एक काम कर. डोळे पूर्ण मिटू नकोस, अर्धेच मिट. पापण्यांच्या फटीतून खिडकी दिसू दे, पण खिडकीपलीकडचं काही नीट ओळखू येऊ देऊ नकोस. दुपारचा एक वाजलाय असं समज. अंगात दोन स्वेटर, पायांत लोकरी मोजे, मांडीवर गोधडी, तरी नाकाचं टोक गार. घर कॅनडातल्या हॅलिफॅक्स गावातलं, समुद्राजवळचं. बाहेर बर्फ पडत नाहीये. नुसती ओली, चिकट थंडी आहे, शून्याच्या वर दोन अंश.

त्या घरातल्या सोफ्यावर मी बसलोय. तू शेजारी बस, जागा आहे.

हे घर माझ्या लेकीचं, सुनेत्राचं. ती आणि जावई दवाखान्यात आहेत. तिला पाच दिवसांपूर्वी मुलगा झाला, तोही तीन आठवडे आधी. जेमतेम दोन किलोचा. आज संध्याकाळी सातला त्याला घरी आणायचंय. डॉक्टरांनी बजावलंय, घर उबदार हवं, निदान वीस अंश. भिंतीवरच्या तापमापकाचा काटा पंधरावर आहे. वीस झाले नाहीत तर ते तिघं दूरच्या मैत्रिणीकडे जातील आणि माझी नात जुई, वय वर्षं नऊ, भावाला न बघताच राहील. ती सकाळपासून दर दहा मिनिटांनी काटा बघून येते.

घर गरम करतं ते यंत्र मागच्या अंगणात आहे. भला मोठा पंखा असलेली पेटी, त्याला हीट पंप म्हणतात. तू विचारशील, बाहेर इतकी थंडी, मग ऊब येते कुठून? विहीर आठव. पाणी कितीही खोल असो, मोट धीर धरून ते वर आणते. गार हवेतसुद्धा थोडी ऊब तळाला असते. हे यंत्र ती उपसून घरात ओततं. फक्त एक अडचण. ऊब उपसताना पेटीतल्या नळ्या इतक्या गार होतात की हवेतली ओल त्यांच्यावर गोठते. म्हणून यंत्रानं मधूनमधून उलटं फिरून स्वतःवरचा बर्फ वितळवायचा असतो. आमचं यंत्र ते विसरलंय. चार दिवसांपासून पेटी पांढरीफटक पडलीय.

कंपनीचा माणूस चार दिवसांनी येणार. आणि मी? मी आयुष्यभर गारव्याची यंत्रं दुरुस्त केली, आयटीआयमध्ये पोरांना तेच शिकवलं. रोज सकाळी कोमट पाणी ओतून बर्फ काढतो. दुपारपर्यंत तो परत हजर. काल आतल्या बोर्डावरची, बर्फ दर किती मिनिटांनी वितळवायचा ते ठरवणारी छोटी टोपी नव्वद मिनिटांवरून काढून तिसावर बसवली. काही फरक नाही.

डोळे जड होतात. खिडकीची चौकट हळूहळू मऊ पडते.

अंगणातून बेदाण्याचा वास येतो.

मी उठतो. दार उघडायची गरज पडत नाही, कारण सोफ्यापुढेच, मी काम शिकलो त्या तासगावच्या शीतगृहाचा लांब बोळ आहे. दोन्ही बाजूंना छतापर्यंत बेदाण्याची खोकी. पिवळा बल्ब. टोकाला आमची हॅलिफॅक्सची पेटी, बर्फानं माखलेली, आणि तिच्यासमोर उलट्या बादलीवर गजबर वस्ताद बसलेत. तोच तपकिरी स्वेटर, कोपरावर ठिगळ. कानाला गुंडाळलेला मफलर. त्यांना जाऊन एकोणतीस वर्षं झाली.

"ये शिरपा," ते म्हणतात. माझं नाव श्रीपाद. शिरपा म्हणणारे तेवढेच. "केस कुठं ठेवून आलास?"

"पिकून गेले, वस्ताद. मी आता तुमच्यापेक्षा म्हातारा झालो."

"मग मी तुला अहो-जाहो करू की काय?" ते हसतात. पुढचा दात अजून तुटकाच आहे. "बस खाली, श्रीपादराव."

मी बसतो. फरशी गार नाही, याचं मला नवल वाटत नाही.

वस्तादांबद्दल तुला सांगायला हवं. शाळा चौथीपर्यंत. पण पाच हजार खोक्यांच्या खोलीत कुठे एक अंश चुकलाय, ते दारातूनच सांगायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझे डोळे फडक्यानं बांधले आणि हाताची पालथी बाजू एकेका नळीजवळ नेली. "तळहात खोटं बोलतो, त्याला कामाची सवय असते. पालथा हात खरं बोलतो." आठ दिवस दुसरं काही शिकवलं नाही. आणि रागवणं त्यांना ठाऊकच नव्हतं. चूक झाली की ओंजळभर बेदाणे हातात द्यायचे. "एकेक चाव, आणि इचार कर. चूक घावली की बाकीचे परत दे." मी कधी कधी सगळे संपवायचो. ते दुसरी ओंजळ द्यायचे.

"काय झालंय ह्याला?" ते पेटीकडे बघून विचारतात.

"बर्फ काढत नाही स्वतःचा. मी वेळ नव्वदची तीस केली, तरी..."

"घड्याळ बदललंस व्हय?"

"हो."

"बरं केलंस." एवढंच. मला त्यांचं 'बरं केलंस' ओळखीचं आहे. त्यात काहीच बरं नसतं.

ते स्वेटरच्या खिशात हात घालतात आणि माझ्या ओंजळीत बेदाणे टाकतात. हिरवट, लांबट, थोडे चिकट.

मी चावतो. बोळाचं आता सांगलीतलं टॉकीज झालंय. खोक्यांच्या जागी खुर्च्यांच्या रांगा आहेत, भिंतीत खिडकीचे एसी घरघरताहेत, आणि मी तिशीतला, स्टुलावर चढून त्यांतल्या एकाची गारवा मोजणारी नळी सरळ करतोय. वस्ताद खालून बघताहेत.

"ती अशी सुटी का ठेवलीस?"

"खोलीच्या हवेचा गारवा मोजायचाय ना, वस्ताद. नळ्यांना चिकटली तर चुकीचं सांगेल. हवेतच मोकळी हवी."

"हितं बरोबर हाय." ते मान डोलावतात. "किती वर्सं केलंस हे?"

"चाळीस."

"मग हाताला पाठच झालं असंल."

"डोळे बांधून करीन, वस्ताद."

"त्योच तर घोटाळा," वस्ताद म्हणतात, फार मायेनं. "हिवाळ्याचं काम, शीतगृहाचं, माझ्याकडं दोनच वर्सं केलंस. मग गेलास उन्हाळ्याकडं, ह्या एसींकडं. आता मला एक सांग. डिसेंबरात तुझ्या लेकीकडं उणे दहा होतं, तवा तिचं यंत्र गोठलं का?"

"नाही! तेव्हा नीट चाललं. गोठतंय ते आत्ता, थंडी कमी झाल्यावर. म्हणून तर मला कळेना..."

मी थांबतो. तोंडात तिसरा बेदाणा आहे.

टॉकीजच्या पडद्यावर चित्र येतं. ऑक्टोबर महिना, लाल पानं. जावयाबरोबर मी पेटीची बाजू उघडून पाला काढतोय. आत तांब्याच्या नळीला एक छोटा सेन्सर चिमट्यानं धरलेला आहे, चिमटा मोडका. पडद्यावरचे माझे हात तो सेन्सर अलगद सोडवतात आणि हवेत मोकळा टांगतात. किती सफाईनं! चाळीस वर्षांची सफाई.

"वस्ताद," मी म्हणतो. माझा आवाज लहान होतो. "मीच केलं."

ते कानावरचा मफलर मागे सारतात.

"त्या सेन्सरनं नळीचा गारवा सांगायचा होता. मी त्याला हवेचा गारवा सांगायला बसवलं. हवा शून्याखाली होती तोवर त्याचं चाललं. आता हवा दोन अंशांवर आहे, म्हणून तो बोर्डाला सांगतो, बर्फ नाही. नळ्या मात्र उणे सहा असतील. बोर्ड मिनिटं मोजायला सुरुवातच करत नाही."

"साक्षीदारच चुकीच्या जागी उभा केल्यावर," वस्ताद म्हणतात, "न्यायाधीशाचं घड्याळ बदलून काय उपेग?"

मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. शिकवणारा मी! ते माझा हात उलटा करतात आणि पालथी बाजू स्वतःच्या गालावर टेकवतात. गाल उबदार आहे.

"थंड लागला का?"

"नाही."

"मग रडतोस कशापायी? चूक घावली. बाकीचे परत दे."

मी ओंजळ पुढे करतो. ते एकेक बेदाणा मोजून घेतात, मग एक माझ्या मुठीत ठेवून मूठ बंद करतात. "ह्यो राहू दे. शिकणारं कोणतरी आसंल की घरात."

"वस्ताद, बांधू कशानं? चिमटा मोडलाय. प्लॅस्टिकची पट्टी थंडीत तुटेल. तुम्ही कशानं बांधायचा?"

ते उठतात, बादली उचलतात. टॉकीजचे दिवे लागतात, लोक उठतात, सगळ्यांच्या अंगावर पांढऱ्या शाली आहेत, आणि त्या गर्दीत फक्त ठिगळाचं तपकिरी कोपर दिसतं.

"वस्ताद, कशानं?"

"आबा!"

जुई माझा खांदा हलवतेय. खिडकी परत खिडकी झालीय. बाहेर पेटी पांढरी. काटा पंधरावर. घड्याळात दीड.

"आबा, तुम्ही झोपेत 'मीच केलं' म्हणालात. काय केलं?"

मी मूठ उघडतो. मुठीत एक बेदाणा आहे. हिरवट, लांबट, थोडा चिकट. सुनेत्राला बेदाणे आवडत नाहीत. या घरात मी ते कधी पाहिले नव्हते. तू म्हणशील, जुईच्या डब्यातला असेल. मी तिला विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

मी तिला सगळं सांगतो. माझी चूकसुद्धा, न लपवता. आजोबांच्या चुकीवर मुलं हसतात असं वाटतं, पण ती हसत नाही. "म्हणजे दुरुस्त होईल?" एवढंच विचारते.

"होईल. फक्त बांधायचं कशानं, ते वस्तादांनी सांगितलं नाही."

ती बेदाण्याकडे बघते. दातांनी त्याचे बरोब्बर दोन तुकडे करते, एक हातात ठेवते, एक तोंडात. डोळे मिटून सावकाश चावते. मग ती गॅरेजमध्ये जाते आणि आपल्या जुन्या सायकलची पंक्चर ट्यूब व कात्री घेऊन येते.

"ही थंडीत तुटत नाही," ती म्हणते. "सायकल तर बर्फातच होती."

आणि मला आठवतं, तासगावात वस्तादांच्या कमरेला नेहमी ट्यूबच्या काळ्या पट्ट्या लटकलेल्या असायच्या. मी विसरलो होतो.

आधी विजेचा खटका खाली, मग पेटीचं झाकण. हे तूही लक्षात ठेव. नळी पुसून कोरडी केली, सेन्सर तिला टेकवला, जुईनं ताणून धरलेल्या पट्टीचे पाच वेढे दिले. झाकण लावलं, खटका वर. मग दोघं खिडकीशी उभे. अर्ध्या तासानं पंखा थांबला, पेटीत 'फुस्स' झालं आणि बर्फातून वाफ उठली.

"आग!" जुई ओरडली.

"वाफ," मी म्हटलं. "शेवटचा बर्फ तळाशी असतो. तिथं बघत राहा."

दुसऱ्या खेपेला तळही मोकळा झाला. साडेपाचला काटा एकोणीसवर होता आणि चढत होता.

जुईनं काट्याकडे पाहिलं, पण तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. बाळाच्या खोलीत गेली, ऊब येते त्या जाळीसमोर उकिडवी बसली, डोळे मिटले आणि हाताची पालथी बाजू पुढे केली. बराच वेळ. मग तिनं आईला फोन लावला.

"आई, घेऊन या त्याला," ती म्हणाली. "मी हात लावून बघितलंय."

फोन ठेवून तिनं उरलेला अर्धा बेदाणा माझ्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत टाकला, झाकण घट्ट लावलं आणि वर चिठ्ठी चिकटवली: 'दात आल्यावर.'