मखमलीची पट्टी

दृष्टी गेली की दिवस आणि रात्र एकच होऊन जातात, असं आमच्याकडे भाषणांत सांगतात. मार्गासनीतल्या माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे तात्यांच्या, आंधळ्या बैलाला हे कुणी सांगितलं नव्हतं. डोळे गेले तरी तो उजाडताच उठायचा, अंधार पडला की गव्हाणीपाशी बसायचा. गोठ्याचं दार पूर्वेला, कायम उघडं.

यंदाच्या पोळ्याला चुलत भावाने त्याच्या डोळ्यांवर बांधायला मखमलीची जाड पट्टी शिवून आणली. जरीची किनार, वर आरसे. मिरवणुकीत मंडळाच्या अध्यक्षांनी माइकवरून हा बैल म्हणजे अंतर्दृष्टीचा महामेरू असल्याचं जाहीर केलं. महामेरू शेपटीने माश्या हाकलत होता. मिरवणूक संपली, पण डोळे गळत असल्याने तिथेही माश्या बसायच्या, म्हणून पट्टी तशीच राहू दिली.

पुढे बैल बिघडला. वैरण टाकावी तेव्हा पेंगायचा आणि घर झोपलं की दावं ओढत हंबरायचा. बरगड्या दिसू लागल्या. एका पहाटे दावं तोडून वेल्ह्याच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिला. एसटीच्या ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला म्हणून वाचला.

भाऊ हायवेवरच्या कंपनीत कामाला. तो म्हणाला, "तात्या, तुमचा बैल नाइट शिफ्टला लागलाय. आता पांजरपोळात पाठवू. उद्या त्याच्यापायी एसटी उलटली म्हंजे?"

"तिथं त्याला वळखनार कोन?"

"तो तरी कुणाला ओळखतोय?"

तात्या उठून गोठ्यात गेले. त्या दिवशी जेवलेही नाहीत.

टेम्पो ठरला तेव्हा माझा मुक्काम तिथेच होता. बैल प्रवासाला धड आहे असा दाखला हवा, म्हणून गुरांच्या डॉक्टर आल्या. टेम्पो दारात, फळी खाली टाकलेली. मॅडमनी पट्टी सोडली आणि डोळ्यात बॅटरी मारली. बाहुली सावकाश, थोडीशी आकसली.

"ही कधीपासून बांधलीय?"

"पोळ्यापासून," भाऊ म्हणाला. "तसंही त्याला दिसत नाही."

"दिसत नाही, पण उजेड कळतो." मग त्यांनी समजावलं. डोळ्याच्या पडद्यात चित्र टिपणाऱ्या पेशी असतात, त्या याच्या गेल्या. पण आणखी काही मोजक्या पेशींत मेलानोप्सिन नावाचं प्रथिन असतं. त्याला चित्राशी घेणंदेणं नाही. उजेड आहे का आणि किती, एवढंच ते मेंदूतल्या घड्याळाला कळवत राहतं. ही खबर थांबली की ते घड्याळ रोज थोडं थोडं सरकत जातं.

"म्हंजे आमीच त्याचा दिवस बांधून ठेवला व्हय?" तात्या म्हणाले.

"तसंच दिसतंय. पण पट्टी काढली की सुधारेलच, असं मी लिहून देणार नाही."

"एक आठवडा," तात्या मुलाला म्हणाले. आयुष्यभर हुकूम देणाऱ्या माणसाने मुलाकडे काही मागितलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. भावाने मान वळवली आणि टेम्पोवाल्याला पुढच्या रविवारी यायला सांगितलं.

मी मुक्काम वाढवला. सुरुवातीला काहीच फरक पडेना. तात्या गोठ्यातच घोंगडी टाकून पडायचे, हंबरणं सुरू झालं की त्याच्या मानेवर हात ठेवायचे. मग हंबरणं कमी झालं. पण दिवसाचं पेंगणं काही सुटेना आणि रविवार जवळ येत होता. भाऊ रोज कामावरून आला की गोठ्यात डोकावायचा आणि परत जायचा.

रविवारी उजाडायच्या आत आम्ही तिघेही दारात उभे होतो. बैल बसलेला, मान टाकलेली. डोंगराच्या कडेवर फटफटलं. उजेड उंबऱ्यावरून गव्हाणीपर्यंत आला. बैलाचे कान हलले. त्याने पुढचे गुडघे टेकले, मागचा भाग उचलला आणि उभा राहिला. तात्यांनी हात जोडले. भावाने टेम्पोवाल्याला फोन लावायला मोबाईल काढला.

बैल बराच वेळ मुतला.