सातव्या प्रश्नाचं उत्तर

माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. अकरा वर्षांत इतक्या लोकांचे फॉर्म भरलेत की कोण कुठल्या रकान्यापाशी अडखळणार, ते माणूस खुर्चीत टेकायच्या आधी मला कळतं. वय विचारलं की बायका हसतात. आधीची नोकरी का सोडली विचारलं की पुरुष खाकरतात. पण ‘आपणांस कधी न्यायालयाने शिक्षा दिली आहे काय?’ इथे कोणीच अडखळत नाही, कारण मी ते विचारतच नाही. माझं मीच ‘नाही’वर क्लिक करते आणि पुढे जाते. हाताला सवय झाली आहे.

या सवयीपायी मी सख्ख्या नणंदेचं वाटोळं करायला निघाले होते. आणि खरं सांगायचं तर ती नुसती सवय नव्हती.

वन्सं माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. उंच, हाडापेरानं मजबूत. तरुणपणी औषधांच्या दुकानात कामाला होत्या. तिथून झोपेच्या गोळ्या चोरून विकल्या, पकडल्या गेल्या आणि दीड वर्ष तुरुंगात काढलं. आमच्या घरात या प्रकरणाची एक धुऊन इस्त्री केलेली हकिगत आहे. मामंजी फार आजारी होते, पोरीला बिचारीला दुसरा मार्ग नव्हता, वगैरे. वन्संच्या कानावर ती पडली की संपलंच.

“बाबा ठणठणीत होते,” त्या पाहुण्यांच्या तोंडावर सांगतात. “मला दुचाकी हवी होती.”

पाहुणे चहा तसाच ठेवून घड्याळ बघायला लागतात. मी मात्र पदराआड हसते.

तुरुंगाच्या दवाखान्यात त्यांना फरशी पुसायला लावलं होतं. तिथे अर्धं अंग लुळं पडलेली एक म्हातारी कैदी होती. तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं काम कोणालाच नको होतं. वन्संनी ते घेतलं आणि चौदा महिने केलं. पडून पडून होते तशी एकही जखम म्हातारीच्या पाठीला झाली नाही. सुटताना तिथल्या डॉक्टरांनी तसं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. पुढची आठ वर्षं वन्संनी लोकांच्या घरी जाऊन अंथरुणाला खिळलेली माणसं सांभाळली. कुठेतरी जुनी बातमी पोचायची आणि दुसऱ्या दिवशी “उद्यापासून येऊ नका” असा फोन यायचा. ज्यांच्या आईला न्हाऊमाखू घातलं, तेच लोक रस्त्यात दिसले की पलीकडे व्हायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वन्सं म्हणायच्या, “जाऊ दे गं, त्यांच्या आईची पाठ चांगली आहे ना?”

त्यांना नर्सिंगच्या दोन वर्षांच्या कोर्सला जायचं होतं. वयाची अट पस्तिशीची, म्हणजे हे शेवटचं वर्ष. यंदा नाही तर कायमचं नाही.

त्यांच्याकडचा सगळ्यात भारी कागद म्हणजे डॉक्टरांचा तो दाखला, आणि त्याच्याच माथ्यावर तुरुंगाचं नाव छापलेलं.

“हा सगळ्यात वर लाव,” वन्सं म्हणाल्या.

“फाइल मोठी आहे, चढत नाहीये,” मी साफ थाप मारली. सातव्या, म्हणजे शिक्षेच्या, प्रश्नावर ‘नाही’ केलं, ओटीपी माझ्याच मोबाइलवर आला आणि फॉर्म गेला. मला वाटलं, मी त्यांचं भलं केलं.

यादीत नाव आलं. कागद तपासायच्या दिवशी मी सोबत गेले. लांबलचक खोली, भिंतीला लोखंडी कपाटं, टेबलामागे कारकून. त्यानं फॉर्मची छापील प्रत पुढे सरकवली. “प्रत्येक पानावर सही करा.”

वन्संनी दोन पानांवर सह्या केल्या. तिसऱ्यावर पेन थांबलं. मी डोळ्यांनी खुणावत होते, करा, करा एकदाची! त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ‘नाही’वर काट मारली, शेजारी ठसठशीत अक्षरात ‘होय’ लिहिलं आणि खाली सही ठोकली.

“अहो बाई!” कारकून उभाच राहिला. “छापील फॉर्मवर खाडाखोड चालत नाही!”

“खोटं चालतं का?”

“तसं नाही, पण खाडाखोड...”

“मग एक काय ते ठरवा.”

आम्हाला प्राचार्याबाईंच्या खोलीत नेलं. तिथे रुग्णालयाचे एक डॉक्टरही बसले होते, कारण मुली शिकायला त्यांच्याच वॉर्डात जाणार. खोटी माहिती दिली म्हणून प्रवेश रद्द होऊ शकतो, असं बाईंनी थंडपणे सांगितलं. मला आता राहवेना.

“खोटं मी लिहिलं. यांना ठाऊकही नव्हतं. बंद करायचं तर माझं दुकान बंद करा, पण यांना काढू नका.”

“वहिनी, बस,” वन्सं म्हणाल्या. मी बसले. त्यांनी तुरुंगातल्या डॉक्टरांचा दाखला टेबलावर ठेवला आणि गोळ्या चोरून विकल्याचंही सांगून टाकलं.

रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तो वाचला. पुन्हा वाचला. “चौदा महिने, आणि एकही जखम नाही? आमच्याकडे एवढी माणसं असून होतात.”

“वळवत नसतील.”

डॉक्टरांच्या नाकाला मिरची झोंबलेली स्पष्ट दिसली. “चोरी काय परिस्थितीमुळे केली होती?”

माझ्या मनात आलं, एकदा, फक्त एकदा ती इस्त्रीची हकिगत सांगा.

“परिस्थिती बरी होती. हाव होती,” वन्सं म्हणाल्या. “शिक्षा झाली, ती भोगून आले.”

“मग वॉर्डातल्या औषधांच्या कपाटाची किल्ली तुमच्या हाती कशी द्यायची?”

“देऊ नका,” वन्सं म्हणाल्या. “पेशंट द्या.”

दहा दिवसांनी पत्र आलं. प्रवेश मंजूर! नवऱ्यानं ते तीनदा मोठ्यांदा वाचलं, सासूबाईंनी डोळे पुसले, मी दुकान बंद करून नाचायचीच बाकी राहिले. खाली एक अट होती. पुढील आदेश होईपर्यंत औषधांना हात लावायचा नाही, औषधांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. मान्य असल्यास पत्र मिळाल्याच्या दिवशीच पाच वाजेपर्यंत सही करून द्या.

वन्संनी पत्र घडी करून पिशवीत टाकलं. “सही नाही करणार.”

घरात हलकल्लोळ. नवरा म्हणाला, “ताई, पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस!” मी म्हणाले, “वन्सं, हातापाया पडते तुमच्या. तुम्हीच म्हणाला होता ना, किल्ली देऊ नका?”

“म्हणाले होते. चल माझ्याबरोबर.”

पावणेपाचला आम्ही पुन्हा कपाटांच्या त्या लांबलचक खोलीत. कारकून कपाटं बंद करत होता. प्राचार्याबाई तिथेच होत्या, त्यांना वाटलं आभार मानायला आलो. वन्संनी पत्र त्यांच्यापुढे पसरलं.

“अट मान्य आहे, बाई. पण ती संपणार कधी?”

“लिहिलंय की. पुढील आदेश होईपर्यंत.”

“तो आदेश कोण काढणार? तुमची बदली होईल, डॉक्टर निवृत्त होतील. औषध द्यायला न शिकता मला नर्स कोण म्हणणार? आणि कुठे नोकरीला गेले तरी हा कागद माझ्या आधी पोचलेला असणार.”

“सही करा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाईल. तुमच्या हिताचं सांगतेय.”

मी घड्याळाकडे पाहिलं. पाचला सात मिनिटं होती. वन्सं हलल्या नाहीत. त्यांचा आवाजही चढला नाही.

“मला शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशानंसुद्धा ती किती दिवसांची ते लिहून दिलं होतं, बाई. मी चोर होते तरी. तुमच्या कागदावर ते कुठे आहे?”

बाईंनी कारकुनाकडून कॅलेंडर मागून घेतलं, पानं उलटली, ‘पुढील आदेश होईपर्यंत’वर काट मारली आणि शेजारी पुढच्या वर्षीची एक तारीख लिहिली. छापील कागदावर खाडाखोड झाली, पण कारकून काही बोलला नाही.

वन्संनी ती तारीख नीट वाचली आणि मग पेन मागितलं.