फेट्याला पुरेल अशी मोटार

चांगुणानं नागसेनला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला त्याचे फक्त पाय दिसले होते. मावसबहिणीच्या लग्नात वरात खोळंबली होती, आणि वऱ्हाडातला हा पाहुणा मोटारीखाली शिरून ओरडत होता, "पाना द्या की कुणीतरी!" पाना चांगुणानंच दिला. पुढं त्या पायांशीच तिचं लग्न झालं.

दौंडच्या रेल्वे शेडमधल्या या फिटरनं एका निवृत्त गार्डसाहेबाची एक्कावन्न सालची प्लिमथ मोटार घेतली. अंगणभर गाडी! कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. शेजारची बयाबाई विचारायची, "चाकाचं कपाट कवा घेतलं गं?"

"कपाट न्हाई," नागसेन भाकरी मोडता मोडता सांगायचा. "साध्या संसारी माणसाला परवडावी म्हणून अमेरिकेत काढलेली गाडी. कंपनीच्या मोठ्या सायबाचा हुकूमच व्हता, माणूस डोक्यावर हॅट घालून आत बसला पायजे. बाकीच्यांनी छपरं खाली आणली, गाड्या लांबट केल्या. ह्यानं न्हाई ऐकलं."

"मग?"

"मग खप घसरला. शेवटी त्यांनीबी बसक्या गाड्या काढल्या, मागं माशावानी पर लावून."

"म्हंजी तिथल्या लोकांनी नापास केली, आन् तुम्ही घरी आणली!" चांगुणा म्हणायची.

चांगुणाला त्या जागी पडवी हवी होती. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात नागसेन एकदाचा हो म्हणाला. दोघं गाडी घेऊन पुण्याच्या भंगारवाल्याकडं निघाली. वाटेत नागसेन दोनदा उतरून गाडीची काच पुसून आला.

यवतला चहाला थांबली, तर समोर गोंधळ. मारुतराव बागायतदारांचा विश्वजीत नवरदेव झालेला, गडी ताडमाड, फेट्याचा तुरा वीतभर. आणि दारात फुलांनी मढवलेली नवी बसकी मोटार. तो आत डोकं घालायचा, तुरा छताला अडायचा, फेटा सुटायचा.

"वाकून बसू नगंस!" त्याची आत्या कडाडली. "लगीन लागायच्या आधीच मान खाली?"

"मग काय छत कापू?" मारुतराव घामाघूम झाले होते.

"आमच्या गाडीत बसवून बघा की," चांगुणा बोलून गेली. नागसेनचा कप ओठाशीच थांबला.

विश्वजीत आत बसला. ताठ! आत्यानं हात घालून पाहिलं, तर तुऱ्याच्या वर चार बोटं मोकळी. वाजंत्र्यांनी एकदम धडाका लावला. करवलीला सीटवर अंडं सापडलं, "शकुन, शकुन!" म्हणत बायकांनी ते हातोहात फिरवलं. फुलांचे हार या गाडीवरून त्या गाडीवर गेले, आणि मोटार भोंगा वाजवत मांडवाकडं निघाली.

"मिस्त्री, ही इकता का?" मारुतरावांनी मांडवापाशी विचारलं.

नागसेननं बायकोकडं पाहिलं.

"न्हाई वो, आबा," चांगुणा म्हणाली. "हिच्यासाठी पडवी बांधायचीय."

नागसेन आता निवृत्त आहे. त्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून लग्नांना गाडी चांगुणाबाई चालवतात. तो शेजारी बसतो.